त्वचेच्या कर्करोगाची शंका आल्यावर: कोणती तपासणी आधी, कोणती नंतर आणि कोणती नकोच

ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी ऊतिविकृतितज्ज्ञ, म्हणजे रोजच्या भाषेत बायॉप्सी तपासणारी डॉक्टर, म्हणून काम करते. घोडबंदर रस्त्यापासून कळव्यापर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीपर्यंतच्या दवाखान्यांतून आमच्याकडे रोज संध्याकाळी फॉर्मालिनच्या, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या, छोट्या डब्या येतात. त्यांतल्या बऱ्याच डब्यांच्या तळाशी मुगाच्या दाण्याएवढा त्वचेचा तुकडा पडलेला असतो. त्या तुकड्यामागचे माणूस मला बहुधा दिसत नाही, पण कधीकधी अहवाल हातात घेऊन नातेवाईक वर येतात, खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "मॅडम, आता पुढे कोणत्या टेस्ट करायच्या?" ज्यांना त्वचेवरच्या एखाद्या डागाबद्दल नुकतीच शंका आली आहे किंवा ज्यांच्या घरात नुकताच असा अहवाल आला आहे, त्यांच्यासाठी या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

आधी एक प्रसंग सांगते. एका गृहस्थांच्या पाठीवरचा काळा तीळ वाढू लागला म्हणून त्यांनी तो एका दवाखान्यात लेझरने जाळून घेतला. त्यातला कणही तपासायला पाठवला गेला नाही. आठ महिन्यांनी त्याच व्रणाच्या कडेला पुन्हा काळेपणा दिसू लागला, तेव्हा घरचे हादरले आणि त्यांनी पंधरा दिवसांत रक्तातले पाच-सहा ट्यूमर मार्कर (काही कर्करोगांत रक्तात वाढणारे पदार्थ), पोटाची सोनोग्राफी आणि शेवटी सबंध शरीराचा पेट-सीटी, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून कर्करोगाच्या जागा शोधणारा स्कॅन, एवढे सगळे करून टाकले. जाडजूड फाइल घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा मी तिळाचा अहवाल मागितला. तो नव्हताच. शंका त्वचेवर होती आणि त्वचा सोडून बाकी सगळे तपासून झाले होते. त्या कुटुंबाने काळजीत कसूर केली नव्हती; कोणत्या तपासणीचा उपयोग कशासाठी होतो हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते, एवढेच.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न मनाशी धरून ठेवावा आणि डॉक्टरांनाही निःसंकोच विचारावा: या तपासणीचे उत्तर काय येते यावर माझा पुढचा उपचार बदलणार आहे का? बदलणार असेल तर ती तपासणी टाळू नये, मग ती कितीही नकोशी वाटो. बदलणार नसेल तर ती करून घेण्याची घाई करू नये.

पहिली पायरी: काय दिसले तर उठून दवाखान्यात जावे

त्वचेच्या कर्करोगाचे नेहमी आढळणारे प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा हा बहुधा चेहऱ्यावर, विशेषतः नाक आणि डोळ्यांच्या आसपास होतो. तो संथ वाढतो, त्याची कड मोत्यासारखी चमकते, मध्ये खपली धरते, पडते, थोडे रक्त येते आणि पुन्हा खपली धरते. आपल्या सावळ्या त्वचेत तो बऱ्याचदा काळा दिसतो आणि लोक त्याला तीळच समजतात. दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो खरखरीत, कडक, फुटलेल्या फोडासारखा किंवा चिघळणाऱ्या जखमेसारखा दिसतो. तिसरा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो आपल्याकडे फार कमी, वर्षाला लाखामागे एकाहूनही कमी जणांना होतो, पण तिन्हींत सर्वांत घातक तोच.

त्वचेचा कर्करोग म्हणजे उन्हाचा आणि गोऱ्यांचा आजार, हा समज आपल्याकडे घात करतो. भारतीय माणसाचा मेलॅनोमा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, जिथे ऊन जवळजवळ लागतच नाही. स्क्वॅमस सेल कार्सिनोमाही आपल्याकडे कित्येकदा जुन्या व्रणातून उगवतो. स्टोव्हच्या भडक्यात वीस-तीस वर्षांपूर्वी भाजलेल्या जागी आता जखम झाली आहे आणि ती भरतच नाही, अशी बाई आली की डॉक्टर सावध होतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली एका सहलेखिकेबरोबर लिहिलेल्या निबंधात धोतराच्या काचामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने कमरेवर पडणाऱ्या काळपट, जाड वळातही हाच प्रकार क्वचित होतो. तिथली सोललेली जागा महिना-दीड महिन्यात भरली नाही तर दाखवावी. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर चांगल्या उजेडात पाच मिनिटे काढावीत. तळपाय, बोटांच्या बेचक्या, तळहात, वीसही नखे, कानांमागची जागा आणि आरशाच्या मदतीने पाठ पाहावी. डोक्याची त्वचा तेल लावून देणाऱ्या माणसाला पाहायला सांगावी. मेंदी, आळता आणि नेलपॉलिश असेल तेव्हा ही पाहणी व्यर्थ जाते, म्हणून ती उतरल्यावरच करावी. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत, कड दातेरी किंवा अस्पष्ट आहे, एकाच तिळात काळा, तपकिरी, लालसर, निळसर असे रंग मिसळले आहेत, आकार सहा मिलिमीटरहून, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकाहून, मोठा आहे, किंवा तो गेल्या काही महिन्यांत बदलला आहे, या पाच खुणा जगभर वापरल्या जातात. पाचांत मी 'बदल' या खुणेला सर्वांत जास्त वजन देते. अंगावरच्या बाकी तिळांच्या कुळात न बसणारा, वेगळाच दिसणारा एक तीळही दाखवावा.

नखाखालच्या उभ्या काळ्या रेघेने घाबरून जाऊ नये, कारण सावळ्या माणसांत अनेक नखांवर अशा रेघा असणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच बोटावर नव्याने आलेली, रुंदावत चाललेली रेघ, किंवा नखाच्या मुळाशी त्वचेवरही उतरलेला काळेपणा थांबून पाहण्यासारखा नसतो. ठेच लागून साकळलेले रक्त असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते आणि पायाचे त्याच्या निम्म्याने, म्हणून मोबाइलवर दर पंधरा दिवसांनी शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घेतले तर डाग सरकतो आहे की जागीच आहे हे कळते. जागीच राहणारा डाग दाखवावा.

दुसरी पायरी: त्वचारोगतज्ज्ञ आणि डर्मोस्कोप

शंका आली की ब्यूटी पार्लर, तीळ-चामखीळ काढून देणारे केंद्र किंवा औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅप यांच्याकडे न वळता थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर ठाणे महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि नवी मुंबईत वाशीच्या महापालिका रुग्णालयात किंवा नेरूळच्या डी. वाय. पाटील रुग्णालयात चौकशी करावी. जाताना डागाची जुनी छायाचित्रे न्यावीत. लग्नाच्या अल्बममध्ये तोच तीळ तेव्हा केवढा होता हे दिसले, तर डॉक्टरांना त्याचा इतिहास आयता मिळतो.

पहिली खरी तपासणी इथे होते आणि ती दुखत नाही. डर्मोस्कोप हे हातात मावणारे, दिवा बसवलेले भिंग असते. ते त्वचेला टेकवून पाहिले की साधारण दहापट मोठे दिसते आणि पृष्ठभागाची चकाकी नाहीशी होऊन आतली रंगद्रव्याची नक्षी उघड होते. तळपायाच्या त्वचेवर नांगरलेल्या शेतासारखे सरी-वरंबे असतात. निरुपद्रवी तिळाचा रंग सहसा सऱ्यांत साचलेला असतो, तर मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर, जिथे घामाची छिद्रे उघडतात तिथे, पसरलेला दिसतो. एवढ्या फरकावरून अनुभवी डॉक्टर कोणता डाग काढून तपासायचा आणि कोणता नुसता लक्षात ठेवायचा हे ठरवतात. डर्मोस्कोप शंका वाढवतो किंवा कमी करतो. निदानाचा शिक्का तो मारत नाही, आणि प्रशिक्षण नसलेल्या हातात त्याचा फारसा उपयोग नाही.

कळव्याच्या एका मावशींची टाच मला आठवते. टाचेवरच्या काळपट डागाला त्या वर्षभर भोवरी समजून ब्लेडने तासत होत्या. मुलीच्या हळदीच्या आदल्या दिवशी पाय घासून देताना भाचीच्या लक्षात आले की भोवरीला असा रंग नसतो. डर्मोस्कोपखाली तो रंग वरंब्यांवर दिसला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टाचेचा तुकडा माझ्याकडे आला. मधुमेही माणसाच्या पायावरची जखमही अशीच फसवते. ती साखरेचीच असेल असे धरून महिनोन्‌महिने पट्ट्या बदलल्या जातात. योग्य उपचार करूनही जखम भरत नसेल तर तिच्या कडेचा तुकडा तपासा, अशी मागणी रुग्णाने स्वतःहून करावी.

तिसरी पायरी: बायॉप्सी, आणि ती नीट व्हावी यासाठी तुम्ही काय करू शकता

सुरुवातीच्या त्वचेच्या कर्करोगात निदान होते ते बायॉप्सीने आणि फक्त बायॉप्सीने. रक्ताची कोणतीही चाचणी तो सांगू शकत नाही, कोणताही स्कॅन सांगू शकत नाही. आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत दिसणारे सीईए, सीए-१२५, पीएसए यांसारखे मार्कर इतर अवयवांच्या आजारांसाठी आहेत. ते नॉर्मल आले म्हणून तिळाबद्दल निर्धास्त होण्यात मुळीच अर्थ नाही. बायॉप्सीआधी साखर किंवा रक्त गोठण्याची चाचणी सांगितली जाते, ती प्रक्रिया सुरक्षित व्हावी म्हणून. या चाचण्या अवश्य कराव्यात.

प्रक्रिया छोटी असते. लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. तेवढी सुई टोचते आणि क्षणभर चुरचुरते. नंतर तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने तुकडा काढतात किंवा लहान सुरीने सगळा डाग काढून एक-दोन टाके घालतात. बरेच जण त्याच दिवशी चालत घरी जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि भुलेच्या औषधाची पूर्वी झालेली ॲलर्जी आधीच सांगावी.

तुकडा कोणत्या पद्धतीने काढला जातो यावर माझ्या टेबलावर काय वाचता येईल हे ठरते, म्हणून इथे थोडे थांबते. मेलॅनोमाची शंका असेल आणि डाग लहान असेल तर तो एक ते तीन मिलिमीटर निरोगी कडेसह अखंड काढणे सर्वांत चांगले, कारण त्याची जाडी मोजायची असते. वरवर खरवडून काढलेल्या तुकड्याचा तळच कापला गेला असेल तर जाडी 'किमान एवढी' यापलीकडे सांगता येत नाही. डाग मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, तळपायावर, नखाखाली असेल तर त्याच्या सर्वांत जाड किंवा सर्वांत वेगळ्या दिसणाऱ्या भागातून तुकडा घ्यावा लागतो. चिघळलेल्या जखमेत मधोमध मेलेली ऊतीच हाती लागते, म्हणून तुकडा कडेतून घेतात. सुई घालून पेशी ओढण्याची तपासणी, म्हणजे एफएनएसी, काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठीसाठी फार उपयोगी आहे. तिळासाठी ती पुरत नाही, कारण तिच्यात पेशी मिळतात पण त्या किती खोल गेल्या आहेत हे कळत नाही. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून केलेली झटपट तपासणीही मेलॅनोमाच्या पहिल्या निदानासाठी वापरू नये.

बायॉप्सी झाल्यावर डबी घरच्यांच्या हातात देऊन ती लॅबमध्ये पोचवायला सांगितले जाते, असे आपल्याकडे सर्रास घडते. तेव्हा तीन गोष्टी पाहा. डबीत दहा टक्के फॉर्मालिन आहे ना? सलाइन, स्पिरिट किंवा साध्या पाण्यात आलेला तुकडा खराब होतो. फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहापट आहे ना, आणि डबीचे तोंड रुंद आहे ना? इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत कोंबलेला मऊ तुकडा फॉर्मालिनमध्ये कडक होतो आणि मग अरुंद तोंडातून बाहेर येत नाही; अशी कुपी फोडून तुकडा काढण्याची वेळ माझ्यावर आली आहे. आणि डबीच्या अंगावर, झाकणावर नव्हे, नाव, वय, शरीरावरची जागा आणि डावी-उजवी बाजू लिहिलेली आहे ना? झाकणे अदलाबदल होऊ शकतात. सोबतच्या कागदावर डाग किती दिवसांचा आहे आणि डॉक्टरांना कसली शंका आहे हे असेल, तर मला ते भिंगाइतकेच उपयोगी पडते.

"सुरी लागली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. योग्य पद्धतीने घेतलेल्या बायॉप्सीमुळे त्वचेचा कर्करोग पसरतो किंवा आयुष्य घटते असे आढळलेले नाही. लोकांना तसे वाटण्याचे कारण मला समजते: कोणीतरी फार उशिरा बायॉप्सी केलेली असते, आजार आधीच पसरलेला असतो आणि दोष सुरीवर येतो. या भीतीपोटी झालेला उशीर मात्र खरोखर नुकसान करतो.

त्वचेवरून काहीही काढले, अगदी दिसायला बरे वाटावे म्हणून काढलेला जुना तीळ असला, तरी तो तपासणीला पाठवावा, एवढे डॉक्टरांना काढण्याआधीच सांगावे. जाळून टाकलेल्या तिळाचे निदान कोणालाही करता येत नाही.

चौथी पायरी: अहवाल कसा वाचावा

लॅबमध्ये तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरतो, रात्रभर वेगवेगळ्या द्रावणांतून जातो आणि मेणात बसवला जातो. त्या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. तिचे साधारण चार मायक्रॉन जाडीचे, पाण्यावर तरंगणारे काप काचेवर घेतले जातात आणि जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवले जातात. यामुळे अहवालाला पाच-सात दिवस लागतात, आणि एसओएक्स-१०, मेलन-ए यांसारख्या विशेष रंजनाची गरज पडली तर आणखी काही दिवस. त्या काळात लॅबला रोज फोन करून घाई केल्याने काप लवकर तयार होत नाहीत, पण त्या दिवसांची घालमेल मी जाणते.

अहवालात आधी प्रकार पाहावा. बेसल सेल कार्सिनोमा असेल तर तो शरीरात इतरत्र पसरण्याची शक्यता एक टक्क्याहूनही खूप कमी असते. पूर्ण काढला गेला की नाही, म्हणजे कडा मोकळ्या आहेत का, हा तिथला मुख्य प्रश्न. स्क्वॅमस सेल कार्सिनोमात कडांबरोबर खोली, आकार, पेशींची प्रत आणि मज्जातंतूभोवती शिरकाव आहे का हे पाहतात. दोन सेंटिमीटरहून मोठा, ओठावरचा, कानावरचा किंवा जुन्या व्रणातला असेल तर जवळच्या लसिका गाठींची, म्हणजे मानेतल्या, काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींची, तपासणी अधिक काळजीने करावी लागते.

मेलॅनोमात एक आकडा सगळ्यांवर मात करतो, तो म्हणजे ब्रेस्लो जाडी. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की त्वचेच्या वरच्या दाणेदार थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कर्करोगपेशीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजले तर पुढे काय होईल याचा सर्वांत चांगला अंदाज त्यावरून येतो. हातात एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. मेलॅनोमा ०.८ मिलिमीटरहून पातळ असेल आणि वरची त्वचा फुटलेली नसेल, म्हणजे अहवालात 'अल्सरेशन नाही' असे असेल, तर तो टी१ए या गटात बसतो. पेशी वरच्या थरातच असतील आणि खाली उतरल्याच नसतील तर त्याला 'इन सिटू' म्हणतात. कळव्याच्या मावशींची जाडी ०.६ मिलिमीटर भरली. मी ती तीन ठिकाणी मोजली, सहकाऱ्याला मोजायला लावली आणि मगच सही केली.

अहवालात जाडी, अल्सरेशन, पेशीविभाजनाचा दर आणि कडांची स्थिती यांपैकी काही लिहिलेले नसेल तर लॅबला फोन करून विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. शंका असेल तर दुसरे मत घ्यावे. त्यासाठी नवा तुकडा लागत नाही, स्लाइड आणि ब्लॉक पुरतात. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरचा अहवाल तसाच न स्वीकारता स्लाइड पुन्हा पाहिल्या जातात. म्हणून ब्लॉक मागून घ्यावा, पाकिटात घालून घरात थंड जागी ठेवावा. उन्हात तापलेल्या गाडीत तो वितळतो.

पाचवी पायरी: कोणत्या तपासण्या मागू नयेत

अहवालात कर्करोग शब्द आला की घरात पहिले वाक्य येते, "आता फुल बॉडी स्कॅन करून घेऊ, पैशाचं बघू नंतर." त्यामागची माया मला कळते. तरीही पातळ मेलॅनोमात, आणि साध्या बेसल सेल कार्सिनोमात तर नक्कीच, हा स्कॅन रुग्णाला काही देत नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली अनावश्यक तपासण्या-उपचारांची एक यादी प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या, पातळ मेलॅनोमात सेंटिनेल गाठीची (डागाजवळच्या पहिल्या लसिका गाठीची) बायॉप्सी किंवा इतर शोधतपासण्या करू नयेत, कारण त्यांनी आयुष्य वाढत नाही, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. अशा पातळ मेलॅनोमाचे सुमारे ९७ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, आणि छातीचा एक्स-रे, सीटी, पेट किंवा रक्ततपासण्या या अवस्थेत पसरलेला आजार शोधण्यापेक्षा खोटी धोक्याची घंटाच जास्त वाजवतात, हा तिथला युक्तिवाद आहे.

या खोट्या घंटेचे आपल्याकडे एक खास कारण आहे: क्षयरोग. बरा झालेला जुना क्षय फुप्फुसात ठिपके मागे ठेवतो, आणि सक्रिय क्षयाच्या गाठी पेट स्कॅनवर कर्करोगासारख्याच उजळून दिसतात. मग त्या ठिपक्याचे मूळ शोधण्यासाठी छातीत सुई, पुन्हा स्कॅन, आठवडेच्या आठवडे जीव टांगणीला, आणि शेवटी निघतो तो वीस वर्षांपूर्वीचा क्षय. उलट बाजूने पाहिले तर एक-दोन मिलिमीटरचा कर्करोगाचा पुंजका पेट स्कॅनला दिसतही नाही, त्यामुळे 'स्कॅन स्वच्छ आला' या वाक्यातून मिळणारा दिलासाही पोकळच असतो. पेट-सीटीतून होणारा किरणोत्सर्ग छातीच्या एका साध्या एक्स-रेच्या शंभरपटीहून अधिक असतो, हेही लक्षात घ्यावे.

सेंटिनेल गाठीच्या बायॉप्सीत डागाच्या जागी निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून, तिथला निचरा काखेतल्या किंवा जांघेतल्या ज्या गाठीत सर्वांत आधी पोचतो ती गाठ काढून तपासतात. टी१ए गटात तिच्यात कर्करोग सापडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते, म्हणून ती सहसा करत नाहीत. जाडी ०.८ ते १ मिलिमीटर असेल किंवा अल्सरेशन असेल तर तिच्याबद्दल डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. एक मिलिमीटरहून जास्त असेल तर ती सुचवली जाते, आणि तेव्हा टाळू नये, कारण तिच्या उत्तरावर पुढची औषधे आणि पाठपुरावा ठरतो.

वर लिहिलेले सगळे लक्षणे नसलेल्या माणसासाठी आहे. काखेत किंवा जांघेत अवधाण आले आहे आणि ते टणक आहे, कारण नसताना वजन उतरते आहे, खोकला जात नाही, नवी आणि सतत डोकेदुखी आहे, असे काही असेल तर स्कॅन आणि गाठीची सुईने तपासणी हीच योग्य पायरी ठरते. डॉक्टर काखा आणि जांघा हाताने चाचपतात ती दोन मिनिटांची तपासणी फुकट असते. ती झाली नसेल तर करा म्हणून सांगावे.

सहावी पायरी: पुढचा उपचार आणि खर्च

इन सिटू मेलॅनोमात अर्धा ते एक सेंटिमीटर आणि एक मिलिमीटरपर्यंतच्या मेलॅनोमात एक सेंटिमीटर निरोगी कड घेऊन जागा पुन्हा काढतात. बऱ्याच रुग्णांचा उपचार एवढ्यावर पूर्ण होतो. पुढच्या सल्ल्यासाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याच संस्थेचे खारघरमधले ॲक्ट्रेक हे केंद्र आपल्या आवाक्यात आहेत. ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या पनवेल लोकलने खारघर गाठता येते. जाताना मूळ अहवाल, स्लाइड, ब्लॉक, डागाची छायाचित्रे, आधार कार्ड आणि रेशन कार्ड घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते याची चौकशी योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधी करावी, नंतर नव्हे.

सातवी पायरी: पाठपुरावा

पातळ मेलॅनोमानंतर पहिली पाच वर्षे दर सहा ते बारा महिन्यांनी, आणि पुढे वर्षातून एकदा, त्वचा आणि गाठी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. लक्षण नसताना दरवर्षी स्कॅन करण्याची गरज नसते. ज्याला एकदा त्वचेचा कर्करोग झाला त्याला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून पाहणी व्रणापुरती न ठेवता सर्वांगाची असावी.

कळव्याच्या मावशींच्या टाचेला मांडीची त्वचा बसवली. पेट स्कॅन झाला नाही. भाचीने तो करायचा हट्ट धरला होता, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी अर्धा तास बसून कारण समजावले. चार वर्षे झाली. दर सहा महिन्यांनी त्या तपासणीला येतात, आणि येताना एक वही आणतात, जिच्यात त्यांनी स्वतःच्या दोन्ही तळपायांचा पेन्सिलीने आकार काढून प्रत्येक तिळाची जागा, तारीख आणि पट्टीने मोजलेली लांबी लिहून ठेवली आहे.